सकाळचं कॉलेज

१. कॉलेजचं दार फीइतकंच वेळेनेही उघडतं, हे मला परळच्या चाळीत कळलं. मजल्यावरची मुलं सातला तासाला बसत आणि अकराला ऑफिसात हजर. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळी भरवलं, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. त्या एका वेळापत्रकाने किती घरांत पहिला पदवीधर दिला असेल!

२. घरातल्या एका पगारावर किती जणांची शिक्षणं तोललेली असतात, ते पगार थांबल्यावरच दिसतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. शेजारचा थोरला तेव्हा एस. वाय. ला होता. परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला आणि तो गोदामात हिशेब लिहायला लागला. त्याच्या आईची खानावळ गिरणीवाल्यांवर चालायची, तीही बंद पडली. मग ती पहाटे उठून ऑफिसांचे पोळी-भाजीचे डबे करू लागली. त्या डब्यांवर धाकटी बी.कॉम. झाली. थोरल्याने पुस्तकं पुन्हा हातात धरली नाहीत. बहिणीचा निकाल आणायला मात्र तोच गेला.

३. संस्था दारात असली म्हणजे आपली होते असं नाही. केईएम आणि जी. एस. मेडिकल १९२६ पासून परळात आहेत. आमची माणसं तिथे जात ती केसपेपर काढायला.

४. मुलींनी मला सर्वांत चकित केलं. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत १८ ते २३ वयोगटाचं उच्च शिक्षणातलं प्रमाण देशात २८.४ टक्के होतं, मुलींचं २८.५, मुलग्यांचं २८.३. महाराष्ट्र ३५.३ वर. ‘मुलीला बारावी पुरे’ म्हणणारे चाळीतले आजोबा आठवतात आणि हा आकडा वाचून ऊर भरून येतो.

५. पण हा आकडा नाव घातलेल्यांचा आहे, पदवी घेतलेल्यांचा नव्हे. २०२४ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली, हे फार चांगलं झालं. तरी लोकलचा पास, घरचं आजारपण, धाकट्यांची जबाबदारी उरतेच. जूनमध्ये कुणाच्या प्रवेशाचे पेढे खाल्ले असतील, तर दिवाळीनंतर त्या घरी एकदा जा आणि विचारा, कॉलेज चालू आहे ना?