भीतीची नोंद

आजारपणात घरच्यांना सर्वाधिक मिळणारा आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारा सल्ला म्हणजे ‘काळजी करू नका, सकारात्मक विचार करा.’ इतक्या वर्षांच्या व्यवसायात मीही तो असंख्य वेळा दिला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र तो देताना माझीच जीभ अडखळू लागली.

त्या दिवसांची पार्श्वभूमी वाचकांस ठाऊक आहेच. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, साध्या सर्दी-तापानंतर लहान मुलांची लघवी बंद होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. कित्येकांना नागपुरास हलवावे लागले. प्रारंभी कारण उमगेना. पुढे ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का! ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्यावर बंदी आली. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांत बैतुल आणि आमच्या पांढुर्णा जिल्ह्यातील बालकांचाही समावेश होता. याच द्रव्याने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्णांचा बळी घेतला होता आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती, हे आमच्या पिढीने विद्यार्थिदशेत ऐकलेले. ऐकलेले आठवणे आणि वेळेवर आठवणे यांत मोठे अंतर असते. असो.

बोरगावला माझ्या दवाखान्यात त्या आठवड्यात आजारी मुलांपेक्षा घाबरलेले पालक अधिक होते. एक आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. वडील औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यात रात्रपाळीला. पिशवीत घरातल्या साऱ्या औषधांच्या बाटल्या. “रातभर दर घंट्याला उठवून लघवी करायला लावली जी, डॉक्टरसाहेब. डोळाच नाही लागला,” ती म्हणाली. मूल किरकिरत होते; पण ते आजाराने कमी आणि जागरणाने जास्त! बाटल्यांवरील नावे व बॅच क्रमांक पाहिले. ते औषध त्यांत नव्हते. रक्तातील क्रिएटिनिन तपासून घेतले, तेही व्यवस्थित आले.

आता तिला ‘काही झालेले नाही, घाबरू नका’ एवढे सांगून पाठवले असते, तर त्या रात्री तिने पुन्हा मुलाला उठवले असते, याची मला खात्री होती. दाबलेला विचार दुप्पट उसळतो. शिवाय तिची भीती निराधार नव्हती, केवळ तिला काम नव्हते. म्हणून मी तिला काम दिले. बाळ पाणी केव्हा प्यायले, लघवी केव्हा झाली, ताप किती, हे वेळेसह वहीत लिहायचे. झोपलेल्या मुलाला उठवायचे नाही. दिवसा सहा-आठ तास लघवी झाली नाही, उलट्या थांबेनात, मूल सुस्त पडले किंवा श्वास जलद झाला, तर वेळ न पाहता यायचे. अन्यथा तिसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी तिने दुधाच्या हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली. मागच्या पानांवर नेटक्या नोंदी होत्या. आणि मी न सांगितलेली एक नोंद अधिक होती. चार ठिकाणी वेळ घालून लिहिले होते, ‘भेव वाटलं.’ आम्ही दोघांनी त्या वेळा ताडून पाहिल्या. चारांपैकी तीन वेळा तिने नुकताच मोबाइलवर कुणाच्या तरी मुलाचा व्हिडिओ पाहिला होता. एकदाही मुलाच्या प्रकृतीत बदल झालेला नव्हता. हे तिचे तिलाच दिसले; मला काही समजावावे लागले नाही.

मनात येणारा विचार आणि हाती आलेली माहिती या दोन निराळ्या वस्तू आहेत. भीतीच्या क्षणी त्या एकच भासतात. कागदावर मात्र वेगळ्या होतात. तेव्हापासून मी पालकांना बातम्या दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी आणि शक्यतो घरातील दुसऱ्याने पाहाव्यात असे सांगतो. छातीत धडधडू लागले, तर श्वास सोडण्यास घेण्यापेक्षा अधिक वेळ द्यावा. नाडी संथ होते. लेकरू आईचा चेहरा वाचते, हेही खरे. पण म्हणून आईने हसरा मुखवटा चढवावा, असे मला वाटत नाही.

ज्यांचे मूल खरोखरच डायलिसिसवर असते, त्यांना ‘सारे ठीक होईल’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांना मी एवढेच सुचवतो की डॉक्टरांशी एकानेच बोलावे, प्रश्न आधी लिहून न्यावेत, पाळीपाळीने झोपावे आणि जेवण टाळू नये. अतिदक्षता विभागाच्या दाराशी सहाजण उपाशी बसल्याने मुलाला बळ मिळत नाही.

आता माझे. छिंदवाडा जिल्ह्यात एका डॉक्टरांना अटक झाल्यावर मी दोन रात्री जुनी केसपेपरे चाळत बसलो होतो. बाईंना वही सुचवणारा मी, स्वतः मात्र कागद उलटेपालटे करीत होतो! शेवटी यादी केली आणि महिन्याभरात खोकल्याचे औषध लिहून दिलेल्या प्रत्येक घरी फोन लावला. शेवटचा फोन ठेवला तेव्हा झोप आली. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबरला स्पष्ट केले होते की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाचांखालीही सहसा देऊ नयेत. हे नवे नव्हते. पालकांच्या आग्रहापुढे आम्हीच ढिले पडलो होतो. साधा खोकला बहुधा आपोआप ओसरतो. वर्षावरील मुलाला चमचाभर मध चालतो, वर्षाखालील बाळाला तो मुळीच देऊ नये.

त्या आईने जाताना विचारले, “लिहिणं चालू ठेवू का जी?” मुलाची लघवी लिहू नका, म्हटले, भीती लिहावीशी वाटली तर लिहा.