पाणबुड्याच्या मनगटावरील गणित

समुद्रात तीस मीटर खोल उतरलेल्या माणसाला धोका कोणाचा, असे विचारले तर बहुतेक जण शार्क माशाचे नाव घेतील. खरा धोका मात्र त्याच्या श्वासातच असतो. हवेचा जवळजवळ चार-पंचमांश भाग नायट्रोजनचा. जमिनीवर तो अगदी निरुपद्रवी. पण पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर चौपट दाबाची हवा श्वासात घ्यावी लागते आणि नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळत जातो. पाणबुड्या घाईने वर आला, की सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यावर जे घडते तेच शरीरात घडू लागते. सांधे दुखतात, बुडबुड्यांनी मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस पांगळाही होतो.

या प्रश्नाला गणिताची शिस्त लावली ती जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. बॉयकॉट व डॅमंट यांच्यासह त्याने दाबाच्या कोठडीत शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. (दुखरा पाय उचलून धरणे, एवढेच त्या बिचाऱ्यांचे उत्तर!) शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने नायट्रोजन शोषीत नाहीत, म्हणून हॉल्डेनने पाच काल्पनिक कप्पे मानले. सर्वांत जलद कप्पा ५ मिनिटांत निम्मा भरतो, दहा मिनिटांत पाऊण, पंधरा मिनिटांत सात-अष्टमांश. सर्वांत मंद कप्प्याला निम्मे भरायलाच ७५ मिनिटे लागतात.

यावरून पाणबुड्यांसाठी तक्ते तयार झाले. पण तक्ता सारा वेळ सर्वांत खोल जागीच गेला असे धरून चालतो. १९८३ मध्ये आलेल्या 'ऑर्का एज'सारख्या संगणकांनी ही अडचण दूर केली. असे यंत्र दर काही सेकंदांनी पाण्याचा दाब मोजते, प्रत्येक कप्प्याचा जमाखर्च नव्याने मांडते आणि आणखी किती मिनिटे या खोलीवर राहता येईल ते दाखविते. झुरिचच्या ब्यूलमान यांच्या प्रसिद्ध पद्धतीत तर सोळा कप्पे आहेत. पाणबुड्या फार वेगाने वर येऊ लागला की यंत्र इशाराही देते.

आता गंमत अशी, की या यंत्राने नायट्रोजन कधी मोजलेलाच नसतो! त्याला कळतो तो दाब आणि काळ. बाकी सारे एका काल्पनिक शरीराचे गणित. पाणबुड्या थकला आहे, गारठला आहे, पुरेसे पाणी प्यायलेला नाही, यांतले फारसे काही त्याला ठाऊक नसते. म्हणून जाणते पाणबुडे यंत्राने मुभा दिली तरी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबूनच वर येतात. आणि सकाळी एकाच्या मनगटावर असलेले यंत्र दुपारी दुसऱ्याला देत नाहीत. त्यात पहिल्याच्या शरीराचा हिशेब शिल्लक असतो.