गप्प मुलाचं डोकं सुरूच असतं

आईबाबांनो, पाहुण्यांसमोर मूल बोललं नाही की ‘आमचा जरा घुम्याच आहे’ असं आपण त्याच्यादेखत सांगून मोकळे होतो. त्याला ते ऐकू जातं आणि लक्षातही राहतं.

असं मूल गल्लीतल्या क्रिकेटमध्ये लगेच उतरत नाही. कठड्यावर बसून कोण कुठे मारतो, कोणाचा चेंडू वळतो ते आधी पाहून घेतं. सहल ठरली की ‘कधी निघायचं, कोण येणार, परत कधी?’ असं विचारून भंडावतं, कारण डोक्यात आराखडा तयार होत असतो. ऐनवेळी बेत बदलला की चिडतं ते त्यामुळेच. लग्नाहून आल्यावर दार लोटून बसतं, ते रुसून नव्हे, माणसांच्या गलबल्याने दमून.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१मध्ये स्वभावातला अंतर्मुख-बहिर्मुख हा भेद मांडला. त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इसाबेल मायर्स यांनी सोळा प्रकारांची चाचणी बेतली. त्यातला ‘आयएनटीजे’ म्हणजे एकान्तात रमणारा, दूरचा विचार करून पावलं टाकणारा. हल्ली मुलं मोबाइलवर असल्या चाचण्या देतात. गंमत म्हणून ठीक, पण पुन्हा दिली की अनेकांचा प्रकार बदलतो. त्यावरून दहावीनंतरची शाखा ठरवू नका.

मुलाचा कल मात्र ओळखा. समारंभाला जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. शाळेतून आल्या आल्या प्रश्नांची सरबत्ती नको. उत्तर मिळतं, पण रात्री शेंगा सोलताना किंवा स्कूटरवर तुमच्या मागे बसल्यावर. जिवाभावाचे एक-दोन मित्र त्याला पुरतात. वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलावायची गरज नाही.

मात्र समजून घेणं म्हणजे सगळ्यातून सूट देणं नव्हे. दुकानातून दूध आणणं, आजीला फोन करणं, वर्गात शंका विचारणं हे त्यालाही जमायला हवं. आधी काय बोलायचं ते ठरवू द्या, मग एकट्याला पाठवा.

आणि मुळात शांत असलेलं मूल वेगळं, अचानक गप्प झालेलं वेगळं. झोप-जेवण बिघडलं, आवडता खेळ सुटला, शाळेला जायला नको म्हणू लागलं, तर ‘स्वभावच आहे त्याचा’ म्हणून सोडून देऊ नका. वर्गशिक्षकांशी बोला, समुपदेशकांना भेटा.