सातबाराची परिभाषा : शब्द ओळखीचे, अर्थ निराळे

प्रत्येक व्यवसायाची स्वतःची अशी एक परिभाषा असते. थोड्या शब्दांत नेमका आशय व्यक्त व्हावा, हा तिचा हेतू. काही बोली मात्र मुद्दाम अर्थ झाकण्यासाठी निर्माण होतात. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत ‘केवली’ म्हणजे एक आणि ‘अवारू’ म्हणजे दोन. गिऱ्हाइकासमोर भावाची बोलणी व्हावी, पण ती त्याला कळू नये, यासाठीच ती योजना होती. महसुली परिभाषेचा हेतू असा नाही. तरीही पुष्कळदा तिचा परिणाम तोच होतो.

या परिभाषेवर फार्सी-अरबीचा ठसा जुना आहे. शिवछत्रपतींच्या काळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्यस्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात अधिकृत स्थान मिळाले. तथापि, परकीय शब्द हीच खरी अडचण आहे काय? ‘वारस’, ‘हरकत’, ‘नक्कल’ हे अरबी शब्द खेड्यातील निरक्षर माणसासही कळतात. घोटाळा होतो तो ओळखीच्या शब्दांमुळे.

‘फेरफार’ म्हणजे लबाडीने केलेला बदल, असा बोलीतील समज. महसुली दप्तरात ती हक्कातील बदलाची रीतसर नोंद होय. ‘आकार’ म्हणजे जमिनीचा आकार नव्हे, तर तिच्यावर बसविलेला सारा. ‘पोटखराबा’ म्हणजे खातेदाराच्या क्षेत्रापैकी लागवडीस अयोग्य असा भाग. ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे, तर अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती.

संक्षेपांची अडचण याहून गंभीर आहे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान झाल्यावर हा शेरा कमी करून घ्यावा लागतो. परंतु त्याचा अर्थच ठाऊक नसेल, तर तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडिलांच्या पश्चात थोरल्या भावाचे नाव या शेऱ्यासह लावले जात असे आणि धाकटे भाऊ, बहिणी व आई यांची नावे सातबारावर येत नसत. थोरला भाऊ येथे सर्वांच्या वतीने व्यवस्था पाहणारा असतो, एकटा मालक नव्हे. हे तीन अक्षरांतील मर्म न कळल्याने पुढे विक्री, कर्ज वा भूसंपादनाचा मोबदला यांवरून तंटे उद्भवतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. पण ज्या उताऱ्यावर तिचे नावच नाही, तो तिला वाचता आला नाही, तर हक्क कागदावरच राहावयाचा.

फेरफाराच्या नोटिशीचेही तसेच. ‘हितसंबंधितांनी मुदतीत हरकत घ्यावी’ या वाक्याचा अर्थ इतकाच, की आपणांस ही नोंद मान्य नसेल, तर पंधरा दिवसांत तसे कळवा. अर्थ न उमगता नोटिशीवर अंगठा उमटतो, मुदत सरते आणि पुढे अपिलाचा लांबचा मार्ग धरावा लागतो.

आता सातबारा संगणकावर पाहता येतो. परंतु उतारा मिळणे वेगळे आणि तो उमगणे वेगळे. परिभाषा टाकून द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. तिच्यावाचून अभिलेखात नेमकेपणा राहणार नाही. मात्र चावडी वाचनाच्या वेळी प्रत्येक शेऱ्याचा अर्थ बोलीत सांगणे, नोटिशीत संक्षेपाऐवजी पूर्ण शब्द लिहिणे आणि तिच्याखाली ‘आपण काय करावयाचे’ हे दोन ओळींत नमूद करणे अवघड नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ‘ए.कु.मॅ.’ व ‘अ.पा.क.’ शेऱ्यांची खाती वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच घरचा उतारा वाचून घ्यावा. आपल्या आईचे वा आत्याचे नाव त्यात का नाही, हा प्रश्न एखाद्या मुलीने घरी जाऊन विचारला, तरी तो पाठ सार्थकी लागला असे म्हणता येईल.