उसाच्या कांडीतून दहावीचा पेशीपाठ



गटात फिरताना मुलं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आम्हाला गाठतात. तेव्हा आम्ही कांडी हातात घेऊनच सांगतो.

१) पेशी : बाहेरून पेशीभित्तिका असते. गाळपानंतर उरणारे चिपाड मुख्यतः तिचेच. पानातील हरितलवके उन्हावर अन्न तयार करतात. त्यातूनच आलेली साखर कांडीतल्या पेशींच्या मोठ्या रिक्तिकेत साठते. तंतुकणिका ऊर्जा पुरवतात.

२) डीएनए : केंद्रकात गुणसूत्रे, गुणसूत्रांत डीएनए. त्याची दुहेरी गोफासारखी रचना वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली मांडली. ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन, ही जोडी पाठच करावी. माणसात गुणसूत्रे ४६; आजच्या ऊसजातींत साधारण शंभर ते एकशेतीस.

३) विभाजन : डोळा फुटून वाढतो तो सूत्री विभाजनाने, म्हणून रोपाचा डीएनए बेण्यासारखाच. तुऱ्यात मात्र अर्धसूत्री विभाजन होते, गुणांची नवी जुळणी होते. अशाच संकरातून कोइमतूरला को २०५ ही जात निघाली.

आता आपल्यासाठी. "तेच बेणं लावून लावून जात उतरली," असं आपण म्हणतो. डीएनए तोच, मग उतारा का घटला? कारण काणी, गवताळ वाढ हे रोग बेण्याबरोबर पुढच्या लागणीत येतात. तेव्हा दर तीन-चार वर्षांनी बेणेमळ्यातील निरोगी बेणे घ्या.

हाच प्रश्न आज रात्री मुलांना विचारा. उत्तर बरोबर आलं तर त्यांचा धडा पक्का, आणि आपला प्लॉटही वाचला.