चिखलदऱ्याच्या घरातले कॅमेरे

प्रश्न : आमचं चिखलदऱ्याचं घर पर्यटकांना भाड्याने देतो, राहतो अमरावतीला. दारात आणि बैठकीत वायफाय कॅमेरे, दाराला मोबाइलवरून उघडणारं कुलूप बसवलंय. काही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तुमच्याआधी तो पाहुण्यांना आहे. बैठकीतला कॅमेरा आजच काढा. पैसे मोजून उतरलेलं कुटुंब तिथेच लेकरं झोपवतं, कपडे बदलतं. संमतीशिवाय खासगी अंगांचं चित्रण झालं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दारावरचा राहू द्या, पण पाहुण्यांना आधी सांगा.

2016 मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तुमचा अजून 'ॲडमिन'च असेल तर आधी तो बदला. मग ॲपमधली शेअरिंगची यादी उघडा. कॅमेरा बसवून देणाऱ्या मुलाचा मोबाइल तिथे बहुधा अजून जोडलेला सापडेल. तो काढा. पाहुण्यांना वेगळं वायफाय द्या, कुलपाचा कोड प्रत्येक मुक्कामानंतर बदला. पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही गेलं तरी दार उघडायला हवं, म्हणून साध्या किल्लीची सोय ठेवा.