हद्दपार : एका शब्दाची ओळख

पेपरात ‘अमक्याला हद्दपार केले’ अशी बातमी आपण वाचतो. हद्दपार करणे म्हणजे माणसाला गावाच्या, जिल्ह्याच्या किंवा देशाच्या सीमेबाहेर घालवणे आणि परत यायला मनाई करणे.

या शब्दाचे दोन तुकडे पाडू या. ‘हद्द’ हा मूळचा अरबी शब्द. तो फारसीतून मराठीत आला. अर्थ सीमा. शेताची हद्द आपण म्हणतोच, फार झालं की आई म्हणते, “आता हद्द झाली!” ‘पार’ हा शब्द संस्कृत. अर्थ पलीकडचा काठ.

‘तडीपार’ हा त्याचाच भाऊ. तड म्हणजे नदीचा काठ, मूळ संस्कृत ‘तट’. गंमत पाहा, ‘काम तडीस नेणे’ यातही हीच तड आहे! काम तडीस गेलं की शाबासकी, माणूस तडीपार झाला की शिक्षा.

लोकमान्य टिळकांना इंग्रज सरकारने १९०८ साली सहा वर्षांची हद्दपारीची शिक्षा दिली आणि ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले. तिथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. पण १९१२ साली इकडे त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या, तेव्हा त्यांना घरी येता आले नाही. हद्दपारीचे खरे दुःख हे आहे.

आजही १९५१ च्या पोलीस कायद्याने महाराष्ट्रात गुंडांना जास्तीत जास्त दोन वर्षे तडीपार करता येते. मात्र आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. त्याला अपीलही करता येते.

‘वाळीत टाकणे’ हे याहून वाईट. माणूस आपल्याच घरात राहतो, पण त्याच्याशी कोणी बोलत नाही, लग्नकार्याला बोलवत नाही. तिथे ना मुदत, ना अपील. म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली याविरुद्ध कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मधल्या सुट्टीत आपणही म्हणतो, “याला खेळात घ्यायचं नाही.” तेव्हा तो मुलगा शाळेतच असतो, पण हद्दीबाहेर! त्याला हाक मारून आत घ्यायला कायदा लागत नाही.

स्वाध्याय : ‘पार’ शेवटी येणारे आणखी तीन शब्द शोधा. घरी आजी-आजोबांना विचारा.